मृगापासून स्वातीपर्यंत : परभणी जिल्ह्यातील पालेभाज्यांचा फुलोरा, दिनमान आणि तापमान – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
पालेभाजीचे पीक पानांसाठी घेतले जाते. त्यामुळे तिला फूल येणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने हानी ठरते आणि त्याच फुलातून पुढील हंगामाचे बी मिळत असल्याने ती गरजही असते. फुलोऱ्याची वेळ प्रामुख्याने दिवसाची लांबी आणि तापमान या दोन घटकांवर ठरते. परभणी जिल्ह्यात या विषयाचे ज्ञान तीन ठिकाणी विखुरलेले होते : पेरणीच्या नक्षत्रांत, पंचांगातील दिनमानात आणि विसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रात. प्रस्तुत निबंधात या तीन प्रवाहांचा ऐतिहासिक मागोवा घेऊन ते एकत्र न आल्यामुळे झालेल्या परिणामांची चर्चा केली आहे.

बीजशब्द : पालेभाज्या, फुलोरा, दिनमान, दीप्तिकालिता, वासंतीकरण, नक्षत्रे, परभणी.

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या कृषी इतिहासाचे लेखन बहुतांशी ज्वारी, कापूस, दुष्काळ, सारा आणि सिंचन या विषयांभोवती झाले आहे. पालेभाज्या या इतिहासात क्वचितच दिसतात. त्याची कारणे उघड आहेत. पालेभाजीवर स्वतंत्र सारा बसत नव्हता, ती कोठारात साठत नव्हती आणि दूरच्या बाजारात जात नव्हती. विहिरीजवळचा वाफा, ज्वारीच्या पाटातील अंबाडीची ओळ, करडईची विरळणी आणि हरभऱ्याचे खुडलेले शेंडे ही तिची जागा होती. या पिकांची राखण आणि त्यांचे बी जपणे हे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे असे. दप्तरात नोंद नसली तरी भाकरीसोबतचे रोजचे अन्न म्हणून या पिकांचे महत्त्व कमी होत नाही.

पालेभाजी ‘फुलावर आली’ की तिची पाने लहान व निबर होतात, दांडा उंच व रेषाळ होतो आणि जुडीला गिऱ्हाईक राहत नाही. कांद्याला डेंगळे येतात तेव्हा शेतकऱ्याचे जे नुकसान होते तेच येथेही घडते. चाळीस दिवस चालणारा मेथीचा वाफा पंचविसाव्या दिवशी फुलला, तर बी, पाणी व श्रम वाया जातात. अशा वेळी दोष बहुधा बियाण्याला किंवा शेतकऱ्याच्या अज्ञानाला दिला जातो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा पेरणीच्या तारखेत असतो. ही तारीख पूर्वी कशी ठरत होती, ती कशी सैल झाली आणि विज्ञानाने तिचे कोणते स्पष्टीकरण दिले, हा या निबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) परभणीच्या अक्षांशावरील दिनमान व हवामान यांच्या संदर्भात स्थानिक पालेभाज्यांच्या फुलोऱ्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) नक्षत्रांवर आधारित पेरणीच्या परंपरेचा ऐतिहासिक अर्थ तपासणे.
३) दीप्तिकालितेच्या संशोधनाचा इतिहास आणि परभणीतील कृषी संस्थांचा इतिहास एकत्र मांडणे.
४) बदलत्या तापमानाच्या काळात या ज्ञानाची उपयुक्तता सांगणे.

परभणीचे दिनमान :
परभणी शहर सुमारे १९ अंश १६ कला उत्तर अक्षांशावर आहे. येथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १७ मिनिटांचा, तर सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५७ मिनिटांचा असतो. म्हणजे वर्षभरातील फरक साधारण २ तास २० मिनिटे इतकाच आहे. १३ तासांहून मोठा दिवस येथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत असतो. तुलनेसाठी ३९ अंश उत्तर अक्षांशावर हाच फरक सुमारे साडेपाच तासांचा, तर लंडनच्या अक्षांशावर जवळजवळ नऊ तासांचा असतो.

तापमानाचा पल्ला मात्र परभणीत मोठा आहे. मे महिन्यात कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर डिसेंबर-जानेवारीतील काही रात्री किमान तापमान ५ अंशांच्या खाली उतरते. दिनमानातील बदल लहान पण दरवर्षी अचूक तोच, आणि तापमानातील बदल मोठा पण दरवर्षी वेगळा, ही या प्रदेशाची मूळ परिस्थिती होय. पुढील सर्व विवेचन या विरोधावर आधारलेले आहे.

दिवसाची लांबी मोजण्याची रीत येथे नवी नव्हती. पंचांगात प्रत्येक दिवसाचे ‘दिनमान’ घटी-पळांत देण्याची परंपरा जुनी आहे. अहोरात्राच्या साठ घटी धरल्या तर परभणीचा सर्वांत मोठा दिवस सुमारे ३३ घटींचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे २७ घटींचा होतो. परंतु हा आकडा मुहूर्त व लग्नसाधनासाठी वापरला गेला. शेतातील फुलोऱ्याशी त्याचा संबंध जोडला गेला नाही.

नक्षत्रे : शेतकऱ्याचे सौर कालमापन :
मराठवाड्यातील शेतकऱ्याने दोन कालगणना एकाच वेळी वापरल्या. सण-उत्सव चांद्र तिथींवर चालत. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने तिथी मागे सरकते आणि अधिक मासाने ती पुन्हा जुळवली जाते. पेरणीसाठी मात्र शेतकऱ्याने सूर्याची नक्षत्रे धरली. सूर्य एका नक्षत्रात १३ ते १४ दिवस असतो आणि दरवर्षी जवळजवळ त्याच तारखेला त्यात प्रवेश करतो : मृग ७ किंवा ८ जून, पूर्वा ३० ऑगस्ट, हस्त २७ सप्टेंबर, चित्रा १० किंवा ११ ऑक्टोबर आणि स्वाती २३ किंवा २४ ऑक्टोबरच्या सुमारास. ‘सहदेव-भाडळी’ या नावाने चालत आलेल्या लोकपरंपरेतही पाऊस-पेरणीचे ठोकताळे नक्षत्रांशी बांधलेले आहेत.

राज्यकारभारानेही ही सौर चौकट स्वीकारली होती. मराठेशाहीच्या कागदपत्रांत आढळणारा शुहूर सन हा सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून सुरू होत असे, म्हणूनच त्याला ‘मृगसाल’ हे नाव मिळाले. दख्खनमध्ये चौदाव्या शतकात रूढ झालेला हा सन हिजरी वर्षाची चांद्र गती सोडून शेतीच्या हंगामाशी जोडला गेला. वसुलीचे वर्ष पिकाशी जुळले पाहिजे, ही त्यामागील गरज होती.

सौर तारखेचा एक परिणाम येथे महत्त्वाचा आहे. पेरणी सौर तारखेला झाली की पिकाला प्रत्येक वर्षी तेच दिनमान मिळते. हस्तात पेरलेले पीक सुमारे १२ तासांच्या दिवसात उगवते आणि त्यानंतर सुमारे तीन महिने लहान दिवसांत वाढते. मृगात पेरलेले पीक सर्वांत मोठ्या दिवसांत वाढीस लागते आणि ऑगस्टनंतर त्याला आखूड होणारे दिवस लागतात. नक्षत्रांचे गणित नाक्षत्र वर्षावर आधारलेले असल्याने ते अयनबिंदूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. चौदाव्या शतकापासून हा फरक नऊ-दहा दिवसांचा झाला आहे. परभणीच्या अक्षांशावर हस्ताच्या वेळी त्यामुळे दिनमानात पडणारा फरक दहा-अकरा मिनिटांपेक्षा अधिक नाही. एका माणसाच्या आयुष्यात तो जाणवण्याइतका नाही.

यावरून पूर्वजांना दीप्तिकालितेचा शोध लागला होता असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल. मृग धरला जात होता तो पावसासाठी, आणि हस्त-चित्रा-स्वाती धरली जात होती ती जमिनीतील ओलीसाठी. दिनमानाची सांगड आपोआप घातली गेली. तरीही पिढ्यानपिढ्या त्याच तारखांना पेरल्यामुळे त्या दिनमानात पाने अधिक काळ देणारी आणि वेळेवर बी धरणारी वाणेच टिकून राहिली, हे मान्य करावे लागते.

खरीप व रब्बी पालेभाज्यांचा फुलोरा :
खरिपातील अंबाडी हे या विवेचनातील सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. ज्वारी किंवा कापसाच्या शेतात ओळीने पेरली जाणारी अंबाडी भाजी, दोरासाठी वाख आणि बी अशा तिन्ही गोष्टी देत असे. पुसा येथील अल्बर्ट हॉवर्ड व गॅब्रिएल हॉवर्ड यांनी १९११ मध्ये अंबाडीच्या वाणांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला होता. अंबाडी लघुदिन वनस्पती आहे. दिवस सुमारे साडेबारा तासांच्या खाली आला की ती फुलाकडे वळते. परभणीत ही मर्यादा ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे जवळजवळ पूर्वा नक्षत्राच्या आरंभी येते. त्यामुळे जूनमध्ये पेरलेली अंबाडी आणि जुलैच्या अखेरीस पेरलेली अंबाडी फार अंतर न ठेवता फुलते. उशिरा पेरलेल्या पिकाला पानांचे दिवस कमी मिळतात. माठ व तांदुळजा यांच्या अनेक वाणांतही आखूड दिवसांत फूल लवकर येते.

रब्बीतील मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक, करडई ही पिके याच्या उलट स्वभावाची आहेत. ग्रंथांत त्यांचे वर्णन साधारणपणे दीर्घदिन वनस्पती असे येते. तथापि परभणीत मेथी व कोथिंबीर जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ११ ते साडेअकरा तासांच्या दिवसांत फुललेली दिसते. याचा अर्थ असा की मोठा दिवस त्यांच्या फुलोऱ्याला वेग देतो, पण तो अनिवार्य नाही. दिनमानाचा पल्ला लहान असलेल्या या प्रदेशात वेग ठरवण्याचे काम मुख्यतः तापमान करते. थंडी टिकली तर मेथी पानावर राहते आणि उष्मा लवकर आला तर कोथिंबीर दांडा धरते. करडई थंड व लहान दिवसांत जमिनीलगत पानांचा झुबका धरून राहते. विरळणीत उपटलेली ही कोवळी रोपेच भाजी म्हणून खाल्ली जातात. पेरणी लांबली की झुबक्याचा हा काळ आखूड होतो.

सणांच्या ताटातही हंगामांची ही विभागणी उमटलेली आहे. ऋषिपंचमी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हातरी येते. त्या दिवशीच्या भाजीत माठ, अळू यांसारखा पावसाळी पाला असतो. आखूड दिवसांचा परिणाम त्या पानांवर पूर्णपणे दिसण्यापूर्वीचे हे दिवस आहेत. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिव परिसरात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येची भज्जी आणि जानेवारीतील भोगीची भाजी ही रब्बीच्या कोवळेपणाची साक्ष देतात.

‘पालक’ या एका नावाखालील दोन वनस्पती :
परदेशी ज्ञान स्थानिक पिकाला लावताना होणारा गोंधळ पालकाच्या बाबतीत ठळकपणे दिसतो. मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या पेरला जाणारा देशी पालक हा बीटच्या कुळातील, बीटच्याच जातीचा एक प्रकार आहे. युरोप-अमेरिकेतील संशोधनात ज्याला स्पिनॅच म्हटले जाते तो विलायती पालक निराळा आहे. विलायती पालकाला फुलण्यासाठी साधारण १३ तासांचा दिवस लागतो. परभणीत असा दिवस मेच्या मध्यानंतर येतो, आणि तोपर्यंत उन्हाळ्याने पीक संपलेले असते. त्यामुळे येथे त्याचे बी सहसा धरले जात नाही. देशी पालक मात्र हिवाळ्याची थंडी घेऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी दांडा धरतो आणि मैदानी प्रदेशात बी देतो. शेतकऱ्याच्या हाती स्वतःचे बी राहिले ते याच गुणामुळे.

ज्या पिकांना फुलण्यासाठी दीर्घ थंडी लागते त्यांच्या बाबतीत हा प्रश्न देशपातळीवर उभा राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात परदेशी बियाण्याची आवक तुटल्यावर कोबी, फुलकोबी यांसारख्या थंड हवामानातील भाज्यांचे बी क्वेट्टा व काश्मीर या भागांत तयार करण्याचे प्रयत्न झाले. फाळणीनंतर हे काम कुलू खोऱ्यातील कटराईन येथील केंद्राकडे आले. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला कोबीचे बी विकतच घ्यावे लागते, पण मेथी, अंबाडी, देशी पालक यांचे बी तो घरी धरू शकतो. या फरकामागे फुलोऱ्याचे हेच शास्त्र आहे.

दीप्तिकालितेचा शोध आणि परभणी :
फ्रान्समधील जुलियन तूर्न्वा याने १९१२ च्या सुमारास हॉप व भांग या वनस्पतींवर लहान दिवसाचा परिणाम नोंदवला. जर्मनीत गेओर्ग क्लेब्स यानेही कृत्रिम प्रकाशाने फुलोरा घडवून दाखवला. निर्णायक प्रयोग अमेरिकेतील डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर व एच. ए. अलार्ड यांचे होत. ‘मेरीलँड मॅमथ’ हा तंबाखूचा वाण उन्हाळ्यात खूप उंच वाढे, भरपूर पाने देई, पण फुलत नसे. १९१८ च्या जुलैमध्ये त्यांनी कुंड्या रोज काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवून दिवस आखूड केला आणि झाडे फुलली. हे संशोधन १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. पानांसाठी घेतल्या जाणाऱ्या पिकाची अडचण सोडवताना हा शोध लागला, ही बाब येथे नोंदवण्यासारखी आहे. १९१८ मध्येच जर्मनीच्या गुस्ताव गास्नर याने धान्यपिकांवर थंडीच्या परिणामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे हा विषय ‘वासंतीकरण’ या नावाने ओळखला गेला.

दिवसाची लांबी झाडाचा कोणता अवयव ओळखतो, या प्रश्नाचे उत्तर एका पालेभाजीनेच दिले. १९३४ मध्ये अमेरिकेतील जे. ई. नॉट यांनी विलायती पालकावर केलेल्या प्रयोगात दिनमान पाने ओळखतात आणि त्याचा परिणाम शेंड्यात दिसतो, असे आढळले. १९३६-३७ मध्ये रशियातील चैलाख्यान यांनी पानांतून शेंड्याकडे जाणाऱ्या द्रव्याला ‘फ्लोरिजेन’ हे नाव दिले. १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांनी वनस्पती प्रत्यक्षात रात्रीची सलग लांबी मोजते, असे दाखवले. भारतात बोशी सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्मोड्याच्या विवेकानंद प्रयोगशाळेत मोहरीच्या वासंतीकरणावर काम केले. फ्लोरिजेन म्हणजे पानात तयार होणारे एक प्रथिन होय, याचे भक्कम पुरावे २००७ मध्ये पुढे आले.

याच १९१८ साली तत्कालीन हैदराबाद संस्थानात परभणी येथे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र स्थापन झाले. १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. ज्वारी, कापूस, करडई या पिकांवरील येथील कार्य मान्यता पावलेले आहे. भाजीपाल्यात ‘परभणी क्रांती’ या भेंडीच्या जातीने देशभर नाव मिळवले. पीक कोरडवाहू असो वा बागायती, वाणाची निवड तापमान व दिनमान यांच्या कसोटीवर होणे ही संशोधन केंद्रांतील नेहमीची बाब आहे. घरगुती पालेभाज्यांच्या गावरान वाणांना मात्र अशी कसोटी फारशी लाभली नाही.

सिंचन आणि सैल झालेली तारीख :
मोटेच्या काळात विहिरीचे पाणी मर्यादित असल्याने पालेभाजीचे वाफे मोजके आणि हंगामी असत. पूर्णा नदीवरील येलदरी प्रकल्प आणि १९७६ मध्ये कार्यान्वित झालेला पैठणचा जायकवाडी प्रकल्प, त्याचा डावा कालवा, तसेच वीजपंप यांमुळे जिल्ह्यात रब्बी व उन्हाळी भाजीपाला घेणे शक्य झाले. बाजारात बाराही महिने कोथिंबीर व मेथीची मागणी निर्माण झाली. पावसाची अट सुटली तशी नक्षत्राची अटही सुटली.

पाणी ओल देऊ शकते, पण दिनमान बदलू शकत नाही आणि तापमानही अल्पसेच बदलते. मार्चमध्ये पेरलेली कोथिंबीर महाग विकली जाते, पण ती लवकर दांडा धरते. ऑक्टोबरमध्ये पेरलेला माठ आखूड दिवसांमुळे लवकर तुऱ्यावर येऊ शकतो. वर्षभर पेरणीचा सल्ला देताना वाणाची निवड सांगितली नाही, तर धोका शेतकऱ्याकडेच राहतो.

बी धरण्याच्या रीतीवरही याचा परिणाम होतो. संपूर्ण वाफा बाजारासाठी उपटला आणि अगोदर फुलून विकण्यास निरुपयोगी ठरलेली झाडेच बियांसाठी सोडली, तर नकळत लवकर फुलणाऱ्या वाणाचीच निवड होत जाते. शास्त्रशुद्ध बीजोत्पादनात अकाली फुलणारी झाडे प्रथम उपटून टाकण्याचा नियम आहे, तो यासाठीच. उत्तम झाडे राखून उशिरा फुललेल्यांचे बी धरणे ही घरगुती बीजसंवर्धनातील कळीची गोष्ट होय. ती सुटली की काही हंगामांत गावरान वाण ‘बिघडला’ असे वाटू लागते.

बदलते तापमान :
१९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले आहे. दिनमान मात्र तेच राहिले आहे. फुलोरा ठरवणाऱ्या दोन घटकांपैकी एक स्थिर आणि दुसरा बदलता, अशी ही स्थिती आहे. दिनमानावर अवलंबून असलेल्या अंबाडीसारख्या पिकाची फुलण्याची तारीख म्हणून तुलनेने भरवशाची राहते. तापमानावर अवलंबून असलेल्या मेथी, कोथिंबीर व पालकाची जुनी तारीख मात्र पुन्हा तपासून घ्यावी लागते. परंपरा सरसकट टाकणे किंवा सरसकट स्वीकारणे, हे दोन्ही मार्ग येथे अपुरे पडतात.

निष्कर्ष :
१) परभणीच्या अक्षांशावर दिनमानाचा पल्ला लहान व तापमानाचा पल्ला मोठा आहे. म्हणून समशीतोष्ण कटिबंधातील ग्रंथांतले ‘दीर्घदिन’ व ‘लघुदिन’ हे वर्गीकरण स्थानिक निरीक्षणांशी ताडून वापरले पाहिजे.
२) पेरणीची नक्षत्रे सौर असल्याने त्यांनी पिकाला दरवर्षी समान दिनमान दिले. हे जाणीवपूर्वक केलेले विज्ञान नसले, तरी दीर्घ अनुभवातून टिकलेली व्यवस्था निश्चितच होती.
३) नक्षत्राची तारीख, पंचांगातील दिनमान आणि दीप्तिकालितेचे शास्त्र हे तिन्ही परभणीत उपलब्ध होते, परंतु पालेभाज्यांच्या बाबतीत ते एकत्र आले नाहीत.
४) सिंचनाने पाण्याची अट दूर केली. फुलोऱ्याची अट कायम राहिली.
५) गावरान पालेभाज्यांच्या पेरणीच्या व फुलोऱ्याच्या तारखा आणि बी धरण्याच्या रीती गावोगावच्या ज्येष्ठ स्त्री-पुरुषांकडून नोंदवून घेणे आवश्यक आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, वनस्पतिशास्त्र व भूगोल विभागांना हे काम संयुक्तपणे हाती घेता येईल. अशी नोंद झाली तर तापमान बदलत असताना जुन्या तारखेतील कोणता भाग राखावा आणि कोणता बदलावा, याचा निर्णय आधाराने करता येईल.